विश्वास कमी पडला म्हणून नव्हे

प्रिय पपा आणि आई,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा फोनवर धाकट्या भावाच्या नैराश्याचं सगळं ऐकलं आणि लगेच माझी ड्युटीची वेळ झाली, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. तुम्ही विचारलेलं मात्र रात्रभर डोक्यात होतं. गोळ्या खरंच लागतात का? चर्चच्या मंडळीतले एक वडील पुढारी म्हणाले की विश्वास कमी पडला म्हणून हे दुखणं आलं, ते खरं का? आणि ताई म्हणते की प्रार्थनाबिर्थना पुरे, त्याला चांगला समुपदेशक हवा, अमेरिकेत सगळे तसंच करतात; तर तिच्या म्हणण्यात तथ्य आहे का? या गोष्टी घाईत बोलण्यासारख्या नाहीत, म्हणून लिहायला बसले. पत्र आईला वाचून दाखवा आणि मग ताईलाही द्या.

आधी गोळ्यांचं, कारण ते थांबून चालणार नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवा. नैराश्यावरच्या या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मळमळ, झोप बिघडणं असा त्रास आधी दिसतो आणि फायदा मागाहून. म्हणून पहिल्या आठवड्यातच 'काही फरक नाही' म्हणत त्या सोडू देऊ नका. पुढे बरं वाटू लागलं तरी एकदम बंद करायच्या नाहीत. चक्कर येते, जीव अस्वस्थ होतो, दुखणं उलटू शकतं. कमी करायच्या तेव्हा डॉक्टरच हळूहळू कमी करतील. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्याकडे जरा जास्त लक्ष असू द्या, कारण तरुण वयात या काळात कधी कधी मरणाचे विचार वाढतात. 'जीव द्यावासा वाटतो का रे?' असं त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट आत कोंडलेलं बोलायला वाट मिळते. हे मी तुमची मुलगी म्हणून नाही, मनोविकार विभागातली नर्स म्हणून सांगते आहे.

आणि पपा, यात शास्त्राविरुद्ध काही नाही. एलीया संदेष्ट्यावर तुम्ही कितीदा उपदेश केला आहे. पण तो बहुतेक वेळा कर्मेल डोंगरावरचा, अग्नी पडला तिथवरचा. त्याच्या लगेच पुढचा अध्याय मला रुग्णांमध्ये काम करताना खरा कळला. ईजबेल राणीची धमकी येते, एलीया पळतो, रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडुपाखाली बसतो आणि म्हणतो की आता पुरे झालं, परमेश्वरा, माझा प्राण घे. असं म्हणून झोपी जातो. अशी झोप मी रोज पाहते. तोंडावर चादर ओढून भिंतीकडे वळलेली.

देवाने काय केलं? दूत पाठवला. त्या दूताने 'तुझा कालचा विश्वास कुठे गेला?' असं विचारलं नाही. त्याला स्पर्श केला आणि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाणी होतं. एलीयाने खाल्लं, प्यायला आणि पुन्हा झोपला. तेव्हाही दूत रागावला नाही. दुसऱ्यांदा आला, दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं आणि म्हणाला की पुढची वाट तुला झेपणारी नाही. 'तू येथे काय करत आहेस?' हा प्रश्न देवाने विचारला, पण तो चाळीस दिवसांनंतर, होरेब डोंगरावर. आधी झोप, अन्न, पाणी आणि मग प्रश्न. आमच्या विभागात रुग्ण दाखल होतो तेव्हा आम्हीही याच क्रमाने जातो. धाकट्याच्या गोळ्या मी त्या भाकरीच्या जागी धरते. देवाच्या हातून आलेलं ते खाणं आहे. खाताना लाज वाटायचं कारण नाही.

आता मंडळीतल्या त्या वडिलांच्या बोलण्याकडे येते. ते वाईट मनाने बोलले नसतील, पण ते बोलणं चुकीचं आहे आणि त्याने आजारी माणसाचं नुकसान होतं. ज्या एलीयाच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरला, त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल? तुमचे आवडते इंग्लंडचे उपदेशक स्पर्जन घ्या. १८५६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या सरे गार्डन्सच्या सभागृहात ते उपदेश करत होते. कोणीतरी 'आग, आग' म्हणून खोटीच ओरड केली, चेंगराचेंगरी झाली आणि सात माणसं गेली. स्पर्जन तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे आयुष्यभर त्यांना खिन्नतेचे झटके येत राहिले. त्यांनी ते दडवलं नाही. पाळक होऊ पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी या विषयावर एक सबंध व्याख्यान दिलं, आणि त्यात शरीराचा थकवा, कोंदट खोलीतलं बैठं काम अशी साधी कारणंही सांगितली. हजारो लोकांसमोर वचन सांगणाऱ्या माणसाला जे झालं, ते आपल्या घरातल्या मुलाला झालं तर त्याच्या विश्वासाचं माप काढायला बसू नये. पुढच्या वेळी कोणी तसं म्हणालं तर तुम्ही, पपा, तिथल्या तिथे थांबवा. मंडळीत तुमचा शब्द चालतो.

ताईच्या म्हणण्याला थोडं लांबून उत्तर द्यावं लागेल.

इथे अमेरिकेत थेरपिस्टकडे जाणं कोणी फारसं लपवत नाही. आमच्यातले काही जण रजा मागताना तसं मोकळेपणाने सांगतात. मला ते फार आवडतं. आपल्याकडे किती घरांत हे दुखणं दाराआड सडत राहिलं असेल. पण इथे ती गोष्ट उपचारापुरती उरलेली नाही. ट्रॉमा, ट्रिगर, टॉक्सिक, बाउंड्रीज, सेल्फ-केअर हे शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी आहेत. पुस्तकांच्या दुकानात सेल्फ-हेल्पची कपाटंच्या कपाटं भरलेली असतात, फोनमध्ये मन शांत करणारी अ‍ॅप असतात. आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की चर्चही त्याच सुरात बोलू लागलं आहे. चिंतेवर मात करण्याचे पाच मार्ग, आत्मविश्वास वाढवण्याच्या सात सवयी, असे उपदेश मी इथे बसून ऐकले आहेत. शेवटी एखादं वचन जोडलेलं असतं. ते काढून टाकलं तरी उपदेशाचं काही अडणार नाही. त्यात वधस्तंभ नसतो, पाप नसतं, क्षमाही नसते. लोक बाहेर पडताना एकमेकांना विचारतात की आज तुला काय मिळालं.

हे आजचं नाही. फिलिप रीफ नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९६६ मध्येच लिहून ठेवलं होतं की जुना धार्मिक माणूस तारण शोधत होता आणि नवा माणूस सुख शोधतो. तो स्वतः काही ख्रिस्ती प्रचारक नव्हता, तरीही त्याला ते दिसलं. नंतर ख्रिश्चन स्मिथ आणि मेलिंडा लुंडक्विस्ट डेंटन यांनी अमेरिकेतल्या तेरा ते सतरा वयाच्या तीन हजारांहून अधिक मुलांशी त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. कितीतरी मुलांच्या बोलण्यातून जो देव निघाला तो असा: त्याने जग केलं, आपण चांगलं वागावं आणि सुखात राहावं एवढीच त्याची इच्छा, एरवी तो आपल्या आयुष्यात लुडबुड करत नाही, अडचण आली की मात्र बोलवावं. ही बहुतेक मुलं चर्चमध्येच वाढलेली होती. त्यांनी हे बाहेरून नाही, आपल्याच मोठ्या माणसांकडून उचललं होतं. हे वाचलं तेव्हा मला आपल्याही रविवारच्या शाळा आठवल्या. आपण तरी मुलांना 'शहाण्यासारखं वाग, देव तुझं भलं करील' याच्या पुढे कितीसं नेतो?

सेल्फ-हेल्पच्या पुस्तकांनी कोणाचं काहीच भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. सॅम्युएल स्माइल्सने १८५९ मध्ये इंग्लंडात याच नावाचं पुस्तक काढलं, तेव्हा गरीब कामगाराला 'तूही शिकू शकतोस, वर येऊ शकतोस' असं कोणीतरी सांगायची गरज होतीच. पुढे नॉर्मन व्हिन्सेंट पील या न्यूयॉर्कच्या पाळकाने १९५२ मध्ये सकारात्मक विचारांवरचं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गेलं. पुलपिटवरून बोलणारा माणूसच सांगू लागला की मनात यशाचं चित्र धर, शंका काढून टाक, म्हणजे तुला बळ मिळेल. थकलेल्या माणसाला त्यातून चार दिवस उभारी येतही असेल. पण त्याची दुसरी बाजू मी विभागात पाहते. सगळं तुझ्या हातात आहे असं ज्याला शिकवलं, तो कोसळला की ते कोसळणंही त्याच्याच माथी येतं. सकाळी लवकर उठलो नाही, कृतज्ञतेची वही लिहिली नाही, ध्यान नीट केलं नाही, म्हणून मी असा झालो, असं म्हणत रडणारी माणसं मी पाहिली आहेत. आजाराचं ओझं होतंच, त्यावर हे दुसरं चढलं.

आता हे आणि मंडळीतल्या वडिलांचं बोलणं शेजारी ठेवून पाहा. एक म्हणतो तुझी मेहनत कमी पडली, दुसरा म्हणतो तुझा विश्वास कमी पडला. दोघेही त्या खाटेवरच्या माणसाकडेच बोट दाखवतात. ताईला वाटतं की ती आणि ते वडील दोन टोकांना आहेत. मला तसं वाटत नाही. विश्वास म्हणजे आपण जोर लावून करायची गोष्ट आणि देव म्हणजे त्या जोराचं फळ देणारा, असं एकदा धरलं की विश्वासही सेल्फ-हेल्पच होतो. फरक एवढाच की आता पुस्तक काळ्या पुठ्ठ्याचं असतं.

येशू असं बोलला नाही. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.' यात आधी स्वतःला सावरून या, अशी अट नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर आलं ते 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच. पौलाचा विश्वास कमी होता का? आमच्याकडे अशी माणसं येतात ज्यांचं दुखणं आयुष्यभर पुरणारं आहे. औषधांनी आटोक्यात राहतं, जात नाही. त्यांना सांगण्यासारखं सेल्फ-हेल्पजवळ फार थोडं आहे. पौलाजवळ आहे.

म्हणून थेरपी नको का? हवी, आणि धाकट्याला तर हवीच. हे परक्याच्या दारात जाणं आहे असंही समजू नका, पपा. मनाच्या आजाऱ्यांना साखळ्यांत ठेवायचे त्या काळात इंग्लंडातल्या यॉर्क गावी विल्यम ट्यूक आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या त्याच्या बांधवांनी १७९६ मध्ये एक घर उघडलं, जिथे आजाऱ्याला माणसासारखं वागवलं जाई. त्यांनी ते देवाच्या भयानेच केलं. त्याच्याही कितीतरी आधी, चौथ्या शतकात, मिसरच्या रानात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने मनात येणाऱ्या आठ प्रकारच्या विचारांची नोंद केली. त्यातला एक भर दुपारी येणारा. सूर्य हलतच नाही असं वाटतं, साधू सारखा खिडकीतून बाहेर बघतो, त्याला आपली खोली, आपलं काम, सोबतचे भाऊ सगळं नकोसं होतं, इथून उठून दुसरीकडे गेलो तर सुटेन असं वाटतं. विचार कसा येतो, पाठोपाठ काय आणतो, त्याला कसं उत्तर द्यायचं, हे इतकं बारकाईने त्याने लिहिलं आहे की आमच्याकडचे थेरपिस्ट रुग्णांना विचारांचा तक्ता भरायला देतात तेव्हा मला तो आठवतो. स्तोत्रकर्ताही आपल्या जिवालाच विचारत होता, 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?' आपल्या मनाशी सरळ बोलणं हे आपल्याकडे परकं नव्हतंच.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते अँटन बॉयसनबद्दल. मी राहते त्या मॅसॅच्युसेट्स राज्यातच हे घडलं. बॉयसन पाळक होते. १९२० मध्ये त्यांना मनाचा फार मोठा झटका आला आणि मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. भास, भीती, सगळं झालं. वर्षाहून अधिक काळ ते आत होते. तिथे त्यांना एक गोष्ट कळली: हाडं मोडलेल्या माणसाला पाळक भेटायला जातो, पण मन मोडलेल्याकडे चर्च फिरकत नाही, आणि गेलंच तर त्याचं ऐकून घेत नाही. बरे होऊन बाहेर आल्यावर माणूस हे सगळं विसरायचा प्रयत्न करील. बॉयसन परत गेले. १९२४ मध्ये ते वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे रुग्णालयातले पाळक, झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशिक्षण घेणारे चार विद्यार्थी आणून त्यांना वॉर्डात कामाला लावलं. व्याख्यानं द्यायला नाही. परिचारकांसारखं रुग्णांबरोबर दिवस काढायला. त्यांचं म्हणणं असं की पाळकाने पुस्तकं वाचावी तशी ही जिवंत माणसंही वाचायला शिकावं. आज अमेरिकेतल्या रुग्णालयांत चॅप्लेन होण्यासाठी जे प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याची सुरुवात तिथे झाली. आमच्या विभागात रोज येणाऱ्या चॅप्लेन बाई त्याच परंपरेतल्या. त्या खाटेशेजारी खुर्ची ओढून बसतात आणि पहिला बराच वेळ काहीच बोलत नाहीत. प्रार्थना करायची तर आधी विचारतात, 'करू का?' रुग्ण नको म्हणाला तर नाही करत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात.

त्यांच्यामुळेच पाहिलेली एक गोष्ट ताईसाठी लिहिते. माणूस ओळखू येईल असं काही लिहिणार नाही. एक वयस्कर गृहस्थ आमच्याकडे होते. आपल्या भावाला त्यांनी फसवलं होतं, कागदावरून त्याचा वाटा उडवला होता. भाऊ न बोलताच मेला. गृहस्थांना नैराश्य होतं, त्यावर औषध चालू होतं, त्याचा गुणही दिसत होता. खाऊ लागले, झोपू लागले. थेरपिस्ट चांगले होते, मन लावून ऐकणारे. ते सांगत, स्वतःला माफ करायला शिका, स्वतःशी प्रेमाने वागा. एका रात्री मी औषध द्यायला गेले तेव्हा ते गृहस्थ मला म्हणाले, 'सगळे म्हणतात स्वतःला माफ कर. फसवलं मी त्याला, आणि माफ करणाराही मीच? मला कोणी तो अधिकार दिला?'

माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि ते देणं माझं कामही नव्हतं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांच्या मनावर जे होतं ती नुसती भावना नव्हती. घडलेली गोष्ट होती. भावना औषधाने हलकी होते, बोलून हलकी होते. घडलेल्या गोष्टीचं काय करायचं? त्यांनी चॅप्लेन बाईंना बोलावलं. दार लोटून घेतलं होतं, त्यामुळे आत काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि असायलाही नको. एवढं नंतर त्यांनीच सांगितलं की सगळं मोठ्याने बोललो, कोणी 'जाऊ द्या हो, होतं असं' म्हणालं नाही, ते पाप होतं असंच म्हटलं, आणि मग येशू ख्रिस्ताच्या नावाने क्षमा सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वकिलाला फोन लावला, भावाच्या मुलांचा वाटा परत कसा देता येईल ते विचारायला. शुभवर्तमानातला जक्कय जकातदार आठवला मला. येशू घरी आल्यावर चौपट परत देतो म्हणाला तो. त्या गृहस्थांचं दुखणं पळून गेलं नाही. घरी जाताना त्यांच्या पिशवीत महिन्याच्या गोळ्या होत्याच, थेरपिस्टची पुढची तारीखही होती. पण जे थेरपीला देता येत नव्हतं ते त्यांना मिळालं होतं. ते द्यायचं काम थेरपीचं नव्हतंच कधी. ते आमचं, मंडळीचं आहे, आणि मंडळी जर पाच मार्ग आणि सात सवयी सांगत बसली तर ते कोण देणार?

दारू सोडवणाऱ्या ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या) लोकांना हे ठाऊक आहे. १९३५ मध्ये ओहायोच्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुडे भेटले तिथून ते सुरू झालं. दोघेही तेव्हाच्या एका ख्रिस्ती गटात जाणारे होते. पुढे छापलेल्या त्यांच्या बारा पायऱ्यांत आपल्या चुका देवाजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ कबूल करणं आहे, ज्यांचं वाईट केलं त्यांना शक्य तिथे भरून देणं आहे, आणि सगळ्यात आधी 'माझ्या हातात राहिलेलं नाही' हे मान्य करणं आहे. ही सगळी पापांगीकाराची वाट आहे. चर्चच्या तळघरांतल्या खुर्च्यांवर बसून आजही लोक ते करतात. कितीदा मला वाटतं, वरच्या मजल्यावर उपासनेला बसलेल्या आम्हा लोकांपेक्षा खाली बसलेले जास्त खरं बोलत असतील.

ताई, आता तुझ्यासाठी. त्रास देणाऱ्यांपासून लांब राहावं, आपल्या बाउंड्रीज आखाव्यात, असं तू जे म्हणालीस त्यातलं अर्धं मला मनापासून पटतं. मारणाऱ्या नवऱ्याकडे 'क्षमा कर, आपला वधस्तंभ उचल' म्हणून बाईला परत पाठवणारी मंडळी मी पाहिली आहे, आणि ते वधस्तंभाचं नाव वाईट कामाला लावणं आहे. येशूने वधस्तंभ स्वतः उचलला. दुसऱ्याच्या पाठीवर ठेवला नाही. तोही गर्दीतून निघून एकांतात जाऊन प्रार्थना करीत असे. रडणं, रागावणं, 'का?' म्हणून देवाला विचारणं, हे मंडळीत दाबलं गेलं असेल, पण स्तोत्रसंहिता त्याने भरली आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते शास्त्रात आहे. थेरपीने लोकांना रडायला जागा दिली तेव्हा आपल्या हातून सुटलेलीच गोष्ट तिने उचलली.

पण उरलेलं अर्धं मला पटत नाही. जो मला जड जातो तो टॉक्सिक, जिथे मला बरं वाटत नाही तिथून मी निघून जाणार, असं इथे पुष्कळ लोक जगतात, आणि माझ्या विभागात भेटायला कोणीच न येणारी माणसं त्यातूनही होतात. धाकटा सध्या सगळ्यांना जड जातो आहे. तो चिडतो, बोलत नाही, ठरवलेलं मोडतो. आपल्या मनाची शांती हाच जर हिशोब असेल तर त्याच्यापासून लांब राहणं बरं. तू तसं करत नाहीस, रोज त्याच्याकडे जातेस हे मला आईने सांगितलं. ते तू कोणत्या पुस्तकातून शिकलीस? तुला थेरपीवर जेवढा विश्वास आहे तेवढाच ठेव, मी तुला कमी कर म्हणत नाही. एवढंच बघ की जे तुला त्याच्या दाराशी रोज नेतं, ते तू कुठून आणलंस.

आता करायचं काय ते लिहिते. पपा, येत्या भेटीत डॉक्टरांना विचारा की गोळ्यांबरोबर समुपदेशन सुरू करता येईल का आणि कोणाकडे; त्यांच्या ओळखीतलं, शिकलेलं माणूस हवं. समुपदेशक ख्रिस्तीच हवा असा हट्ट धरू नका. धाकट्याच्या श्रद्धेची टिंगल न करणारा आणि आपलं काम जाणणारा असला की पुरे. भूत काढतो, बांधणी तोडतो म्हणणारं कोणी घरी आलं तर दारातूनच परत पाठवा, कितीही नावाजलेलं असलं तरी. त्याला उपासनेला यायची सक्ती करू नका. प्रभुभोजनाच्या रविवारी येतोस का म्हणून एकदा विचारा. नाही म्हणाला तर पाळकसाहेबांना घरी येऊन थोडा वेळ बसायला सांगा, आणि उपदेश करू नका असं त्यांना आधीच सांगून ठेवा. मंडळीत काय सांगायचं ते त्याला विचारूनच सांगा. आजार त्याचा आहे.

आणि आई, तू रोज रात्री त्याच्या खोलीबाहेर उभी राहून प्रार्थना करतेस, ते चालू ठेव, पण झोप मोडून नको. तुझा रक्तदाब वाढलेला परवडणार नाही. प्रार्थनेने काय होईल ते देवावर सोड. तिचा परिणाम मोजत बसू नकोस. मीही इथून करते आहे.

शनिवारी मला सुट्टी आहे. तुमच्या संध्याकाळी फोन करीन, त्याच्याच फोनवर. घेतला तर बरं, नाही घेतला तर रविवारी पुन्हा करीन. त्याआधी डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा, गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम ते मला बघू दे.

तुमची लाडकी